‘करंज’ : एका पाणबुडीची चौतीस वर्षे

चौतीस वर्षांच्या सेवेत शत्रूचे एकही जहाज न बुडवता ‘आयएनएस करंज’ ही पाणबुडी १ ऑगस्ट २००३ रोजी भारतीय नौदलातून निवृत्त झाली. एवढे एकच वाक्य वाचले तर तिच्या कारकिर्दीत सांगण्यासारखे काही घडलेच नाही, असा समज होण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात ही पाणबुडी स्वतःच्याच विनाशिकेखाली सापडून वाचली, वर्षभरात दुरुस्त होऊन युद्धावर गेली आणि तिच्या पहिल्या दोन कप्तानांपैकी एकाला महावीरचक्र, तर दुसऱ्याला वीरचक्र मिळाले. दुसरा कप्तान पुढे नौदलप्रमुख झाला. पाणबुडीच्या कामगिरीचे मोजमाप बुडवलेल्या जहाजांच्या संख्येवर करायचे की आणखी कशावर, हा प्रश्न ‘करंज’च्या निमित्ताने नीट विचारता येतो.

प्रथम नावाविषयी. करंज म्हटले की समुद्रापासून दूर, सोलापूर जिल्ह्यातील वळसंगसारख्या गावातील वाचकाला करंजाचे झाड आठवणे साहजिक आहे. पाणबुडीचा मात्र झाडाशी संबंध नाही. मुंबई बंदराच्या दक्षिणेस, उरणजवळचे करंजा बेट हे या नावाचे मूळ. त्याच तुकडीतील ‘खांदेरी’ला शिवछत्रपतींनी अलिबागजवळच्या बेटावर उभारलेल्या जलदुर्गाचे नाव मिळाले. म्हणजे भारताच्या पहिल्या चार पाणबुड्यांपैकी दोघींची नावे आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून घेतलेली आहेत. ‘कलवरी’ हा मल्याळम शब्द असून तो खोल समुद्रातील एका शार्क माशासाठी वापरला जातो. चौथी ‘कुरसुरा’.

लंडनचा नकार, मॉस्कोचा होकार

स्वातंत्र्यानंतर दोन दशके भारतीय नौदलाकडे एकही पाणबुडी नव्हती. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय अधिकारी प्रशिक्षणासाठी ब्रिटनला गेले, कारण पाणबुड्याही ब्रिटनकडूनच येतील अशी अपेक्षा होती. दरम्यान १९६४ मध्ये पाकिस्तानला अमेरिकेकडून ‘डायब्लो’ ही पाणबुडी मिळाली. तिचेच नाव पुढे ‘गाझी’ झाले. भारताला परवडतील अशा अटींवर पाणबुड्या देण्यास ब्रिटन तयार झाला नाही, अमेरिकेकडूनही हाती काही लागले नाही. अखेर सप्टेंबर १९६५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. नाटो देश ज्यांना ‘फॉक्सट्रॉट’ म्हणतात आणि सोव्हिएत दफ्तरात ज्यांची नोंद ‘प्रकल्प ६४१’ अशी होती, त्या वर्गाच्या पाणबुड्या भारताने स्वीकारल्या.

या पाणबुड्या लेनिनग्राड येथे बांधल्या जात आणि बाल्टिक समुद्रावरील रिगा बंदरात भारतीय तुकडीच्या ताब्यात दिल्या जात. ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी नौदलात दाखल झाली. हा दिवस आजही पाणबुडी दिन म्हणून पाळला जातो. ‘खांदेरी’ ६ डिसेंबर १९६८ रोजी, ‘करंज’ ४ सप्टेंबर १९६९ रोजी आणि ‘कुरसुरा’ १८ डिसेंबर १९६९ रोजी आली. ‘करंज’चे पहिले कप्तान होते कमांडर एम. एन. आर. सामंत, अर्थात मोहन नारायणराव सामंत. ब्रिटिश पद्धतीच्या नौदलात वाढलेल्या या मंडळींना रशियन भाषा शिकून, रशियन पुस्तिकांवरून संपूर्ण यंत्रणा समजून घ्यावी लागली.

मायदेशी येण्याचा मार्गही सरळ नव्हता. जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर सुएझ कालवा बंद झाला, तो थेट १९७५ मध्ये खुला झाला. त्यामुळे रिगाहून निघालेल्या या पहिल्या पाणबुड्यांना संपूर्ण आफ्रिकेला वळसा घालून यावे लागले. पाच शतकांपूर्वी वास्को द गामा ज्या वाटेने आला, जवळपास त्याच वाटेने भारताचे पाणबुडी दल हिंदी महासागरात उतरले.

आत कसे असते

‘करंज’ ९१.३ मीटर लांब आणि साडेसात मीटर रुंद होती. पृष्ठभागावर तिचे विस्थापन सुमारे १९५० टन, तर पाण्याखाली सुमारे २४७५ टन. तीन डिझेल इंजिने, तीन विद्युत मोटारी आणि तीन पंखे. दहा टॉर्पेडो नळ्या, त्यांपैकी सहा पुढे आणि चार मागे. एका वेळी २२ टॉर्पेडो नेण्याची सोय. सात कप्प्यांत विभागलेल्या या पोलादी नळकांड्यात सुमारे ७५ माणसे राहत.

डिझेल-विद्युत पाणबुडीचे तत्त्व समजायला कठीण नाही, पण तिच्या साऱ्या मर्यादा त्या तत्त्वातच आहेत. डिझेल इंजिनाला हवा लागते, पाण्याखाली हवा नसते. म्हणून पाण्याखाली पाणबुडी केवळ विजेरीवर, म्हणजे शेकडो टन वजनाच्या बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की पृष्ठभागाजवळ येऊन, स्नॉर्केल नावाची नळी पाण्याबाहेर काढून, इंजिने सुरू करून ती पुन्हा भरावी लागते. हे काही तास पाणबुडीच्या आयुष्यातील सर्वांत उघडे तास असतात. इंजिनांचा आवाज दूरवर जातो, नळी रडारवर दिसू शकते.

वेगाचे गणितही यातूनच ठरते. फॉक्सट्रॉट पाण्याखाली कमाल १५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर वेगाने जाऊ शके. सोलापूरहून वळसंगमार्गे अक्कलकोटला जाणारी एसटी याहून वेगात जाते! त्यातही कमाल वेगाने गेल्यास बॅटरी फार लवकर संपते. तीच पाणबुडी माणसाच्या चालण्याच्या गतीने सरकत राहिली तर काही दिवस खाली राहू शकते. त्यामुळे डिझेल-विद्युत पाणबुडी शत्रूचा पाठलाग करत नाही. शत्रू जिथून जाणार असेल तिथे आधी जाऊन ती वाट पाहते.

वाट पाहण्याची ही जागा सुखाची नव्हती. फॉक्सट्रॉटचा आराखडा थंड समुद्रासाठी केलेला होता. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबाच्या पेचप्रसंगात याच वर्गाच्या चार सोव्हिएत पाणबुड्या कॅरिबियनच्या उष्ण पाण्याकडे गेल्या, तेव्हा आतील उष्म्याने माणसे बेशुद्ध पडत होती. त्यांपैकी ‘बी-५९’वर अण्वस्त्रधारी टॉर्पेडो सोडण्याचा विचार झाला आणि वासिली आर्खिपोव या अधिकाऱ्याच्या विरोधामुळे तो टळला, हा प्रसंग आता जगभर सांगितला जातो. भारतीय नौदलाला तर बारा महिने उष्ण समुद्रातच काम करायचे होते. त्यात गोड्या पाण्याचे रेशनिंग. पिण्याला आणि स्वयंपाकाला पाणी पुरवायचे तर आंघोळ आठवड्यांवर जाते. नळाला पाणी किती दिवसांआड येणार हे मोजत जगणाऱ्या सोलापूरकरांना हा भाग अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र इथे टँकर मागवण्याची सोय नसते, आणि डिझेलचा वास कपड्यांतून, अंथरुणातून, अन्नातून जात नाही.

विनाशिकेच्या खाली

पाणबुडी धोक्यात येते ती खोल जाताना, असे आपल्याला वाटते. पाणबुडीवाल्यांना विचारल्यास ते वर येण्याचा क्षण सांगतील. खोलीवर असताना पाणबुडी केवळ कानांनी ‘पाहत’ असते. सोनारवर ऐकू येणाऱ्या आवाजांवरून कोणते जहाज कुठे आहे याचा अंदाज बांधायचा. शेपटीकडच्या दिशेने येणारे आवाज स्वतःच्याच पंख्यांच्या खळबळीत बुडून जातात. शांतपणे येणारे किंवा थांबलेले जहाज ऐकू येईलच असे नाही. पेरिस्कोप पाण्याबाहेर येईपर्यंतची काही मिनिटे अक्षरशः आंधळी असतात.

१९७० मध्ये एका सरावादरम्यान ‘करंज’ वर येत असताना ‘आयएनएस रणजित’ या विनाशिकेशी तिची टक्कर झाली. सरावात पाणबुडीने हल्ला करायचा आणि विनाशिकेने तिला शोधायचे, हा नेहमीचा खेळ. त्यात दोघी एकमेकींच्या फार जवळ येतात. रिगाहून येऊन जेमतेम काही महिने झालेल्या पाणबुडीची मोठी हानी झाली. पण ती बुडाली नाही. कमांडर सामंत आणि त्यांच्या तुकडीने तिला बंदरात आणले.

खरा प्रश्न त्यानंतरचा होता. त्या काळी मोठ्या दुरुस्तीसाठी सोव्हिएत संघाकडे पाहण्यावाचून मार्ग नव्हता. सुएझ बंद. म्हणजे पुन्हा आफ्रिकेचा वळसा, आणि परत येईपर्यंत कदाचित दोन वर्षे. नौदलाने दुरुस्ती देशातच करण्याचा निर्णय घेतला. पाणबुडी बांधण्याचाच काय, मोठ्या प्रमाणावर दुरुस्त करण्याचाही अनुभव नसलेल्या कामगारांनी आणि अभियंत्यांनी ते काम पूर्ण केले आणि १९७१ च्या अखेरीस ‘करंज’ युद्धासाठी सज्ज होती. भारतात पाणबुडी बांधण्याच्या प्रयत्नांचा इतिहास लिहिताना साधारणपणे १९८० च्या दशकापासून सुरुवात केली जाते. तिथे या दुरुस्तीला निदान एक परिच्छेद मिळायला हवा.

ओळख पटल्याशिवाय हल्ला नाही

नोव्हेंबर १९७१. युद्ध होणार हे जवळजवळ निश्चित होते. कमांडर अरुण ऑडिट्टो यांची ‘कुरसुरा’ १३ नोव्हेंबरला निघाली आणि १८ नोव्हेंबरला अरबी समुद्रात आपल्या गस्तीच्या क्षेत्रात पोहोचली. ३० नोव्हेंबरला तिची ‘करंज’शी समुद्रातच भेट झाली, आदेशांची देवाणघेवाण झाली आणि ‘कुरसुरा’ मुंबईकडे वळली. आता पाळी ‘करंज’ची होती. कप्तान होते कमांडर विजयसिंह शेखावत. तीन दिवसांनी, ३ डिसेंबरला, युद्ध सुरू झाले.

भारतीय पाणबुड्यांना दिलेल्या आदेशांत एक अट होती. हल्ला केवळ पाकिस्तानी युद्धनौकांवर करायचा आणि तोही लक्ष्याची निःसंदिग्ध ओळख पटल्यानंतरच. व्यापारी जहाजाला हात लावायचा तर स्वतंत्र आदेश हवा. कागदावर ही अट रास्त वाटते, आणि होतीही. कराचीकडे अनेक देशांची जहाजे जात-येत. एखादे तटस्थ तेलवाहू बुडवले असते तर बांगलादेशच्या प्रश्नावर महिनोन्‌महिने जमवलेली जागतिक सहानुभूती एका दिवसात गमावली असती.

पण पेरिस्कोपमागच्या माणसासाठी या अटीचा अर्थ वेगळा असतो. लक्ष्य ओळखायचे तर त्याच्या जवळ जायला हवे. रात्री दिवे मालवून जाणाऱ्या जहाजाची केवळ सावली दिसते. सोनारवर ऐकू येणारा पंख्याचा आवाज युद्धनौकेचा आहे असे वाटते, पण ‘वाटते’ पुरेसे नाही. जवळ जावे तर स्वतः सापडण्याचा धोका, दूर राहावे तर हल्ल्याची परवानगी नाही. अशा स्थितीत शत्रूच्या किनाऱ्यालगत दिवसचे दिवस काढायचे, आदेश मोडायचा नाही आणि जागाही सोडायची नाही. शेखावत यांना वीरचक्र मिळाले ते या गस्तीतील नेतृत्वासाठी. ‘कुरसुरा’ किंवा ‘करंज’ यांपैकी एकीनेही जहाज बुडवले नाही.

याच युद्धात समुद्राच्या पोटात दोन मोठ्या घटना घडल्या. ३ आणि ४ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री विशाखापट्टणमसमोर ‘गाझी’ बुडाली. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ने ‘आयएनएस खुकरी’ या फ्रिगेटवर टॉर्पेडो सोडला. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक, एकूण १९४ जण गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. ‘हंगोर’ हीदेखील डिझेल-विद्युत पाणबुडीच, फ्रेंच बनावटीची. अशी एक पाणबुडी योग्य जागी वाट पाहत असेल तर काय घडू शकते, हे भारतीय नौदलाला त्या रात्री भोगून कळले. ‘खुकरी’नंतर भारतीय नौदलाने अनेक दिवस ‘हंगोर’चा शोध घेतला आणि ती निसटली. पाणबुडीचा खरा उपयोग या शोधात दिसतो. ती जिथे असू शकते अशा प्रत्येक ठिकाणी प्रतिपक्षाला जहाजे, विमाने आणि झोप खर्च करावी लागते. ‘करंज’ने काहीच केले नाही असे म्हणणाऱ्याने हा हिशेब दुसऱ्या बाजूने मांडून पाहावा.

‘करंज’चे पहिले कप्तान सामंत या वेळी दुसऱ्याच समुद्रावर होते. ३१ मार्च १९७१ रोजी फ्रान्सच्या तुलाँ बंदरात ‘मँग्रो’ या पाकिस्तानी पाणबुडीवरील आठ बंगाली नौसैनिक पसार झाले आणि स्पेनमार्गे भारतात आले. त्यांच्यापासून बांगलादेशच्या नौकमांडोंची कल्पना आकाराला आली. भागीरथीच्या काठी, प्लासी येथे गुप्त छावणी उभारण्यात आली आणि पोहता येणाऱ्या शेकडो बंगाली तरुणांना जहाजाच्या तळाला सुरुंग चिकटवण्याचे शिक्षण देण्यात आले. या मोहिमेची सूत्रे सामंत यांच्याकडे होती. ऑगस्टच्या मध्यास एकाच रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज येथे हल्ले झाले. डिसेंबरमध्ये सामंत स्वतः ‘आयएनएस पनवेल’सह ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या तोफनौकांचा ताफा घेऊन मोंगला आणि खुलन्याकडे गेले. १० डिसेंबरला आपल्याच हवाई दलाच्या विमानांनी शत्रू समजून या ताफ्यावर हल्ला केला आणि दोन्ही तोफनौका गेल्या. सामंत यांनी ‘पनवेल’वरून मोहीम पुढे चालू ठेवली. त्यांना महावीरचक्र मिळाले. मोहीम इतकी गुप्त राहिली की तिची सविस्तर हकीकत सामंत यांनी पत्रकार संदीप उन्नीथन यांच्यासमवेत लिहिलेल्या ‘ऑपरेशन एक्स’ या पुस्तकातून २०१९ मध्ये लोकांसमोर आली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

ओळख पटल्याशिवाय हल्ला न करण्याचा नियम एका समुद्रात पाळला गेला आणि दुसरीकडे आकाशातून तो पाळला गेला नाही, तेव्हा दोन्हीची किंमत ‘करंज’च्या कप्तानांनाच मोजावी लागली.

शांततेची तीन दशके

१९७१ नंतर ‘करंज’ला युद्ध करावे लागले नाही. उरलेली बत्तीस वर्षे गस्त, सराव, प्रशिक्षण आणि दुरुस्ती यांत गेली. विशाखापट्टणम येथे मे १९७१ मध्ये ‘आयएनएस वीरबाहू’ हा पाणबुडी तळ सुरू झाला होता, १९७४ मध्ये तेथेच ‘आयएनएस सातवाहन’ ही प्रशिक्षणशाळा आली. पैठणच्या राजघराण्याचे नाव धारण करणाऱ्या या शाळेत आजही भारताचा पाणबुडीसैनिक घडतो. याच बंदरातील जहाजबांधणीची गोदी मूळची सिंदियाची. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४१ मध्ये तिची पायाभरणी करवून घेतली होती, पुढे ती हिंदुस्थान शिपयार्ड झाली. मुंबईला ‘आयएनएस वज्रबाहू’ या स्वतंत्र पाणबुडी तळासाठी १९९६ पर्यंत थांबावे लागले.

या काळातील मोठी लढाई सुट्या भागांची होती. सोव्हिएत संघातील दुरुस्ती खर्चिक आणि वेळखाऊ होती. ‘कुरसुरा’ तर १९७० च्या दशकात काही वर्षे बंद ठेवून तिचे भाग काढून इतर पाणबुड्यांना वापरले गेले. नंतर ती पुन्हा उभी करण्यात आली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच विसर्जित झाला आणि जुन्या यंत्रांचे भाग कोणाकडे मागायचे हेही नव्याने शोधावे लागले.

जपानशी तुलना इथे उद्बोधक ठरते. जपानची पाणबुड्या बांधण्याची कामे कोबे शहरातील मित्सुबिशी आणि कावासाकी या दोन गोद्या आळीपाळीने करतात. जवळपास दरवर्षी एक नवी पाणबुडी दाखल होते आणि दीर्घकाळ तेथील पाणबुडी दोन दशकांच्या आतच आघाडीच्या सेवेतून बाजूला होत असे. आपल्याकडे पहिल्या चौघींपैकी ‘खांदेरी’ १९८९ मध्ये, ‘कलवरी’ १९९६ मध्ये, ‘कुरसुरा’ २००१ मध्ये आणि सर्वांत शेवटी ‘करंज’ २००३ मध्ये निवृत्त झाली. नंतर आलेल्या चार फॉक्सट्रॉटपैकी ‘वागली’ तर डिसेंबर २०१० पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे चालली. जुन्या पाणबुडीला चालते ठेवणाऱ्यांचे हे कौतुक आहे, पण ती चालवावी लागली यात नियोजनाचे कौतुक नाही.

‘करंज’ आतून कशी होती हे पाहायचे असेल त्याने विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर जावे. तेथे २००२ पासून ‘कुरसुरा’ संग्रहालय म्हणून उभी आहे. एका गोल झडपेतून वाकून पुढच्या कप्प्यात शिरताना पर्यटकांची जी तारांबळ उडते, ती पुरेशी बोलकी आहे.

माझगावचा खंड

भारतात पाणबुडी बांधण्याचे काम मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये सुरू झाले ते जर्मन आराखड्यावर. ११ डिसेंबर १९८१ च्या करारानुसार दोन पाणबुड्या जर्मनीत आणि दोन माझगावात बांधायच्या होत्या. माझगावात तयार झालेली ‘शाल्की’ १९९२ मध्ये आणि ‘शंकुल’ १९९४ मध्ये दाखल झाली. त्यानंतर दलालीच्या आरोपांनी हा व्यवहार वादात सापडलेला असल्यामुळे पुढच्या पाणबुड्यांचा विषय मागे पडला. मोठ्या कष्टाने शिकवून तयार केलेल्या जोडारींना पाणबुडीचे काम उरले नाही. पाणबुडीचे कवच जोडणे हे साधे जोडकाम नव्हे. तेथील एक सदोष सांधा खोल पाण्यात सर्वांचा जीव घेऊ शकतो. असे हात बनायला वर्षे लागतात, आणि काम थांबले की ते विखुरतात.

ऑक्टोबर २००५ मध्ये फ्रेंच आराखड्याच्या सहा ‘स्कॉर्पीन’ पाणबुड्यांचा करार झाला, तेव्हा माझगावला बऱ्याच गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या. पहिली पाणबुडी २०१२ मध्ये अपेक्षित होती. ती आली १४ डिसेंबर २०१७ रोजी. याच दरम्यान, १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ स्फोट होऊन बुडाली आणि १८ जण मृत्युमुखी पडले. नव्या पाणबुड्या येण्यास उशीर आणि हाताशी असलेल्या कमी, असा तो काळ होता.

नौदलात जहाज निवृत्त होते, नाव नाही. सहा नव्या पाणबुड्यांना जुन्या फॉक्सट्रॉटचीच नावे देण्यात आली. तिसरी ‘करंज’. ३१ जानेवारी २०१८ रोजी तिचे जलावतरण झाले आणि १० मार्च २०२१ रोजी ती मुंबईत नौदलात दाखल झाली. त्या समारंभाचे प्रमुख पाहुणे होते निवृत्त ॲडमिरल विजयसिंह शेखावत. १९९३ ते १९९६ या काळात नौदलप्रमुख राहिलेले शेखावत जुन्या ‘करंज’च्या रिगा येथील पहिल्या तुकडीत होते आणि पन्नास वर्षांपूर्वी त्यांनीच तिला युद्धावर नेले होते. नौदलाने या वेळी ‘करंज’ शब्दाच्या इंग्रजी अक्षरांची फोड करून एकेका अक्षराला एकेक गुण जोडला. उरणच्या करंजा बेटाला त्याची आवश्यकता नव्हती.

नवी ‘करंज’ ६७.५ मीटरची, जुनीपेक्षा बरीच आखूड आणि हलकी आहे. तिच्यावर माणसेही जवळपास निम्मी, चाळीसच्या आसपास. टॉर्पेडोबरोबरच पाण्याखालून जहाजभेदी क्षेपणास्त्र सोडण्याची तिची क्षमता आहे. आवाज कितीतरी कमी. मूळ तत्त्व मात्र तेच, डिझेल आणि विजेरी.

पुन्हा पृष्ठभागाजवळ

आणि मूळ धोकाही तोच. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी रात्री गोव्यापासून सुमारे ७० सागरी मैलांवर ‘करंज’ आणि ‘मार्थोमा’ या मासेमारी नौकेची टक्कर झाली. नौका बुडाली. तिच्यावरील १३ जणांपैकी ११ जणांना वाचवण्यात आले, दोघांचा मृत्यू झाला. दोष कोणाचा, यावर नौदल आणि नौकामालक यांचे म्हणणे परस्परविरोधी राहिले आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. सागरी कायद्यात भरपाईच्या दाव्यासाठी जहाज अडकवून ठेवण्याची तरतूद असते. पाणबुडीबाबतची तशी मागणी न्यायालयाने राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन मान्य केली नाही.

अशा घटना इतरत्रही घडल्या आहेत. २३ जुलै १९८८ रोजी जपानची डिझेल-विद्युत पाणबुडी ‘नादाशिओ’ योकोसुकाजवळ पृष्ठभागावरून जात असताना मासेमारीच्या सफरीवर निघालेल्या नौकेला धडकली आणि ३० जण मृत्युमुखी पडले. ८ फेब्रुवारी २०२१ रोजी, म्हणजे नवी ‘करंज’ दाखल होण्याच्या महिनाभर आधी, जपानचीच ‘सोर्यू’ शिकोकू बेटाच्या किनाऱ्याजवळ वर येताना एका मालवाहू जहाजाला घासली. तिची संपर्कयंत्रणा निकामी झाली आणि मोबाइल फोनची रेंज मिळेपर्यंत तळाला अपघाताची बातमीही कळवता आली नाही. सोनार कितीही सुधारले तरी लाकडी किंवा फायबरच्या लहान नौकांनी गजबजलेल्या किनारी समुद्रात पाणबुडीचे वर येणे हे जोखमीचेच काम आहे. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर ऑगस्टपासून मे महिन्यापर्यंत अशा हजारो नौका समुद्रात असतात. त्यांना पाण्याखालच्या जहाजाचा वेळापत्रकासह इशारा देणे कोणत्याच नौदलाला शक्य नाही, कारण मग ती पाणबुडीच राहत नाही. ‘मार्थोमा’वरील दोघांचे मृत्यू याच पेचात झाले.

सहावी आणि शेवटची स्कॉर्पीन ‘वाघशीर’ १५ जानेवारी २०२५ रोजी दाखल झाली. त्याच्या पंधरवडाभर आधी, ३० डिसेंबर २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने माझगाव डॉकशी सुमारे १९९० कोटी रुपयांचा आणखी एक करार केला. संरक्षण संशोधन व विकास संघटनेने विकसित केलेली, बाहेरच्या हवेशिवाय वीज तयार करणारी यंत्रणा या पाणबुड्यांत बसवण्यासाठीचा तो करार आहे. त्यासाठी पाणबुडी कोरड्या गोदीत आणून मधोमध कापायची, नवा कप्पा बसवायचा आणि कवच पुन्हा जोडायचे, असे हे काम. ही यंत्रणा बसलेल्या पाणबुडीला स्नॉर्केल वर काढण्यासाठी पृष्ठभागाजवळ यावे लागण्याचे प्रसंग बरेच कमी होतात.